दोन मांडववाले आणि एकच दर

शिरूरला एसटी स्टँडमागच्या गल्लीत, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या खोलीत मी पहिल्यांदा ऑफिस थाटलं. ऑफिस आपलं म्हणायचं म्हणून. टेबल, संगणक, प्रिंटर आणि गिऱ्हाइकांसाठी प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या. जिन्यापाशी पाटी लावली होती, 'ऑनलाइन टेंडर भरून मिळतील'. त्याआधी मी रांजणगावच्या एका कंपनीत परचेसला होते. माझं माहेर निमोण्याचं. लग्नाआधी गावाकडून कंपनीत जायचे, लग्नानंतर शिरूरहून. मग लेक झाली आणि कंपनीच्या बसच्या वेळा काही जमेनात. कंपनीत लोकांची कोटेशनं वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली होती. कागद नीट नसेल तर चांगल्या मालालाही कोणी विचारत नाही, एवढं त्यातून शिकले होते. तेवढ्या भांडवलावर हे दुकान मांडलं.

तेव्हा सरकारी कामांची टेंडरं नुकतीच ऑनलाइन झाली होती. जन्मभर लिफाफ्याला लाख लावून, तो पेटीत टाकून आलेली माणसं एकदम गोंधळून गेली होती. रस्त्याचे, पाइपलाइनचे ठेकेदार यायचे, शाळेला बाकं पुरवणारे यायचे. जिना चढता चढताच विचारायचे, "मॅडम, पेटी कुठं असती आता?"

चाचा आले ते असेच. शिरूरमधले जुने मांडववाले. सरकारी कार्यक्रम असो नाहीतर कुणाच्या दारचं लग्न, बांबू, कनात, खुर्च्या बहुतेक त्यांच्याच. हातात वर्तमानपत्रातल्या टेंडरच्या जाहिरातीचं कात्रण होतं, पण ते त्यांनी पुढं केलं नाही. आधी खुर्ची ओढून बसले, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाले, "बेटी, मेरी सही अच्छी है. मला फक्त कुठं करायची ते दाखव."

त्यांना सांगावं लागलं की आता सही कागदावर करायची नाही. डिजिटल सही असते, ती एका पेनड्राइव्हसारख्या काडीत येते, ती संगणकाला लावायची आणि आकडे टाकायचे की झाली सही. चाचांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या टेबलावरचा एक कोरा कागद ओढला, खिशातलं पेन काढलं आणि त्यावर झोकात सही केली. खरोखरच सुंदर सही होती. शेवटच्या अक्षराची शेपटी मागं येऊन पहिल्या अक्षराला टेकत होती. "ही त्या काडीत बसंल का?" त्यांनी विचारलं.

"नाही बसणार, चाचा."

"मग माझी कशी?"

त्यांचा तो प्रश्न रास्तच होता.

डिजिटल सही मिळवायची तर मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर बसून आपलं नाव सांगायचं आणि पॅन कार्ड धरून दाखवायचं असतं. मी चाचांना दुसऱ्या दिवशी बोलावलं. ते आले ते ईदला निघाल्यासारखे. पांढरी शेरवानी, नवी टोपी, आणि अत्तराचा वास तर त्यांच्या आधी जिना चढून आला. मोबाइल समोर धरला तर ते मोबाइलला सलाम करून बोलायला लागले. नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, शिरूरमध्ये किती पिढ्या झाल्या ते सांगायला लागले, तोवर व्हिडिओची वेळ संपली. तीन-चारदा केलं तेव्हा कुठं जमलं. शेवटच्या वेळी मी हसू दाबत होते आणि चाचांनी ते पाहिलं. म्हणाले, "हस, हस. मी पण लग्नात फोटोग्राफरला असाच हसवला होता."

आप्पा त्यानंतर महिन्याभरात आले. ते दौंड तालुक्यातले, खुटबावचे. शेती होती, ऊस होता, पण ओळख मांडववाले म्हणूनच. भीमेच्या अलीकडं चाचा आणि पलीकडं आप्पा, अशी त्या दोघांची जुनी वाटणी. पण मोठं सरकारी काम निघालं की दोघंही नदी ओलांडून एकमेकांच्या तालुक्यात टेंडर भरायचे. आप्पा धोतर-टोपीतले, बोलणं मोठ्यानं. दारातूनच म्हणाले, "ताई, त्यो म्हातारा हितंच येतो म्हनं. त्येचं जिनं भरलं तिनंच माजं बी भरायचं."

"कोण म्हातारा?"

"तुमचा चाचा वं!"

आप्पा वयानं चाचांपेक्षा लहान नव्हते, झाले तर थोडे मोठेच.

पुढं एकदा दोघं एकाच वेळी समोरासमोर आले तेव्हा मी दोघांनाही स्पष्ट सांगून टाकलं. "तुमच्या दोघांची टेंडरं मी भरीन. पण एकाचा दर दुसऱ्याला सांगणार नाही. कमी म्हणणार नाही, जास्त म्हणणार नाही. पटत नसेल तर दुसरीकडं जा."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. आप्पा म्हणाले, "आवो ताई, पेटी हुती तवा आमी एकमेकाच्या तोंडाकडं बगून दर वळखायचो. तुमी कशाला सांगताय?"

पेटीच्या दिवसांच्या गोष्टी मी त्या दोघांकडूनच ऐकल्या. टेंडर उघडायच्या दिवशी सगळे ठेकेदार कचेरीत जमायचे. स्वच्छ कपडे घालून, पान लावून. साहेब सगळ्यांसमोर लाख फोडायचा, एकेक दर मोठ्यानं वाचायचा. ज्याला काम मिळालं त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा, हरलेल्यांनाही. हरलेला माणूस चहा न पिता गेला तर चार दिवस त्याची चर्चा व्हायची. आता उघडणं ज्याच्या त्याच्या संगणकावर दिसायचं. पण या दोघांकडं संगणक नव्हता. म्हणून ते माझ्या खोलीत यायचे. टेंडर उघडायची तारीख आली की दुपारी दोघं हजर. स्क्रीनवर बराच वेळ काहीच हलायचं नाही. मी दुसऱ्यांची कामं करत राहायचे आणि मागं या दोघांच्या गप्पा चालायच्या. कुठल्या लग्नात वावटळीनं मांडव उचलला, कुठल्या पुढाऱ्याच्या सभेत निम्म्या खुर्च्या मोडल्या, कुठल्या गावानं अजून गालिचे परत दिले नाहीत. खालच्या हॉटेलातून चहा यायचा. हिवाळ्यात आप्पा खुटबावच्या गुऱ्हाळावरची काकवी बाटलीत भरून आणायचे. ईदच्या दुसऱ्या दिवशी चाचांच्या घरून शीरखुर्म्याचा डबा यायचा. स्क्रीनवर 'प्रक्रिया सुरू आहे' एवढं एकच वाक्य कधी कधी तीन-तीन दिवस असायचं, आणि ते दोघं तीनही दिवस यायचे. फोनवर कळवते म्हटलं तरी यायचे.

मग निवडणुकीच्या मांडवांचं टेंडर निघालं. शिरूर तालुक्यातल्या मतदान केंद्रांवर मतदारांसाठी सावली, खुर्च्या आणि पाण्याची सोय करायची होती. दर एकच द्यायचा होता, एका केंद्रामागं किती. दर भरायच्या तक्त्यात टंकायला मोकळा चौकोन एकच असतो, बाकी सगळं कुलूपबंद.

चाचा सकाळी आले. आकडा सांगितला. मी दोनदा विचारलं, कारण मी सगळ्यांनाच दोनदा विचारते. त्यांनी दोन्ही वेळा तोच सांगितला. मी भरला, त्यांची सही लावली आणि टेंडर गोठवलं. तिथं गोठवणं म्हणजे शेवटचं शिक्कामोर्तब. त्यानंतर फक्त पोचपावती निघते.

दुसऱ्या दिवशी आप्पा आले. कागद जोडून झाले, तक्ता उघडला. मी विचारलं, "आप्पा, दर?"

आप्पांनी आकडा सांगितला. चाचांचाच आकडा. रुपयाचाही फरक नाही.

माझी बोटं तशीच थांबली. मनात आलं, विचारावं का, दर नक्की ना? आणि लगेच वाटलं, आज माझ्या आवाजात काही वेगळं आलं तर हा मुरलेला माणूस ओळखेल. तोंडाकडं बघून दर ओळखणारी माणसं ही. मी स्क्रीनकडंच बघत नेहमीसारखं विचारलं, "एकदा परत सांगता?"

"का वं, जास्त हुतंय का?"

"मी सगळ्यांनाच दोनदा विचारते, आप्पा."

"व्हय, इचारताय खरं," असं म्हणून त्यांनी तोच आकडा परत सांगितला.

मी भरला. सही लावली, गोठवलं, पावती त्यांच्या हातात दिली. ते जिना उतरून गेले. जगात हे माहीत असलेली मी एकटीच होते आणि कुणाला सांगायची सोय नव्हती. दोन्ही दर माझ्याच हातानं टंकलेले. उद्या उघडल्यावर दोघांना काय वाटेल? इकडचा आकडा तिकडं गेला, असंच ना? आणि नेणारी कोण? मी रात्री नवऱ्याला तेवढंच म्हणाले, "आपलं दुकान बंद पडलं तर मला परत कंपनीत घेतील का?" तो सेकंड शिफ्ट करून आला होता. म्हणाला, "झालं काय?" मी म्हणाले, "काही नाही. सहज."

उघडायच्या दिवशी दोघंही आले. त्या दिवशी आप्पांना त्यांचा मुलगा गाडीनं घेऊन आला होता. तो रांजणगावच्याच एका कारखान्यात सुपरवायझर होता, सुट्टी होती म्हणून आला होता. खुर्च्या दोनच, म्हणून तो दाराशी उभा राहिला. मी चहा सांगितला.

दुपारी आर्थिक लिफाफा, म्हणजे दरांचा भाग, उघडला. स्क्रीनवर चार नावं आली, पुढं चार दर. सगळ्यात कमी दर दोन ओळींवर, तोच आकडा खाली-वर. चाचांनी चष्मा पुढं सरकवला. आप्पांनी विचारलं, "काय म्हनतंय?" मी वाचून दाखवलं. 

मुलगा दारातून म्हणाला, "मॅडम, हे कसं काय झालं?" आवाज चढलेला नव्हता, पण त्याला काय म्हणायचं आहे ते मला कळलं. तिथं बसलेल्या सगळ्यांना कळलं.

मी म्हणाले, "मी कुणाचा आकडा कुणाला सांगितलेला नाही."  

आप्पांनी मुलाकडं पाहिलं नाही, माझ्याकडंही नाही. ते चाचांकडं वळले. "किती खण धरलंत?"

खण म्हणजे चार खांबांमधली जागा. चाचांनी सांगितलं, "सहा."

"मी बी सहाच. उभं करायला?"

"एक दिवस. काढायला अर्धा."

"आन् वाऱ्याचा?"

 चाचांचा चेहरा हळूहळू खुलत गेला. "एक. वाऱ्याचा एक धरलाच. तुम्ही अजून वाऱ्याचा खण धरता?"

"तर! धरल्याबिगर चैन पडतंय व्हय?"

"आणि वरची चिल्लर?"

"ती सोडायची. देवाची."

मग दोघं हसायला लागले. चाचांना हसता हसता खोकला लागला, आप्पांनी त्यांच्या पाठीवर थापा मारल्या. मला आणि त्या मुलाला काहीच कळेना. मग आप्पांनी सांगितलं. दोघं मिसरूड फुटायच्या वयाचे असताना दौंडला एका मालकाच्या हाताखाली मांडवाचं काम शिकले होते. त्या मालकाला लिहिता येत नव्हतं, पण दर काढण्यात हात कुणी धरायचा नाही. जागा पायांनी चालून मोजायची, तिचे खण करायचे, मजुरी लावायची, आणि शेवटी प्रत्येक जागेमागं एक खण वाऱ्याचा धरायचा. वारा काही ना काही नेतोच, कापड फाडतो, बांबू मोडतो, तो त्याचा वाटा. आणि वरची चिल्लर सोडून द्यायची. दौंड स्टेशनाबाहेर मांडव घालताना दोघांनी एकाच घोंगडीवर झोपून दिवस काढले होते. मालक गेला, दोघांनी दोन तालुक्यांत आपापली दुकानं काढली. एकमेकांना खुर्च्या-गालिचे भाड्यानं द्यायचे ते ठरल्या दरानं. त्यामुळं मालाचा दर दोघांना सारखाच माहीत. राहिला हिशेब, तोही एकाच माणसानं शिकवलेला.

"पण याआधी कधी सारखा आला नव्हता," मी म्हणाले.

चाचा डोळे पुसत म्हणाले, "याआधी आम्ही एकमेकाला पाडायला बघत होतो ना, बेटी. आता वय झालं. खरा दर लावला."

 मुलगा खाली गाडीपाशी जाऊन थांबला. आप्पा निघताना माझ्या टेबलापाशी थांबले, म्हणाले, "त्येचं मनाला लावून घ्यू नगा, ताई." मी मान हलवली. पण लागायचं ते लागलंच होतं.

सारखे दर आले तर चिठ्ठ्या टाकायच्या असं टेंडरच्या अटींतच होतं. ठरल्या दिवशी दोघं कचेरीत गेले. मी गेले नव्हते, चाचांनीच येऊन सांगितलं. बऱ्याच वर्षांनी दोघं कचेरीत समोरासमोर बसले होते, साहेब होता, चिठ्ठ्या घडी करून भांड्यात टाकल्या होत्या. तिथल्या एका शिपाईबाईंनी चिठ्ठी काढली, ती चाचांची निघाली. चाचांनी बाहेर येऊन सगळ्यांना चहा पाजला. शिपाईबाईंनाही. "लाख फोडल्यासारखं वाटलं," ते म्हणाले.

मतदानाच्या दिवशी मी आमच्या केंद्रावर गेले. शाळेच्या पटांगणात मांडव होता, खाली खुर्च्या. खुर्च्यांच्या पाठीवर आप्पांच्या दुकानाचा छाप होता. चाचांकडं एवढ्या खुर्च्या नव्हत्या, त्या नदीपलीकडून आल्या होत्या. आप्पांचं मतदान खुटबावला, ते सकाळीच उरकून ते खुर्च्या बघायला आले होते. सावलीत बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना, "बसा वं, बसा, भाडं न्हाई लागत," असं सांगत होते. चाचा स्कूटरवर एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्रावर फिरत होते. ऊन कडक होतं, वारा मात्र अजिबात नव्हता.

त्यानंतर थोड्या दिवसांनी आप्पांच्या मुलाचा फोन आला. मला वाटलं, आता काय. पण तो नीट बोलला. म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं. पण एक विचारू? दोन्ही टेंडरं तुम्ही एकाच कॉम्प्युटरवरून भरली. उद्या तिसऱ्या कुणी तक्रार केली, हे दोघं संगनमत करतात म्हणून, तर?"

हे मला सुचलंच नव्हतं असं नाही, पण मी ते कधी मनावर घेतलं नव्हतं. आम्ही प्रामाणिक आहोत ना, मग झालं, असं वाटायचं. पण यंत्राला आमचं हसणं दिसलं नव्हतं, वाऱ्याचा खण माहीत नव्हता. त्याला दिसणार ते एवढंच, की एक संगणक, दोन टेंडरं, दर एकच. मुलाचं म्हणणं बरोबर होतं. मी त्या दिवसापासून नियम केला. एका टेंडरला माझ्याकडून गिऱ्हाईक एकच.

पुढचं मोठं काम दौंड तालुक्यात निघालं तेव्हा दोघंही आले आणि मी नियम सांगितला.  मग चाचा म्हणाले, "आप्पांचं भर, बेटी. तालुका त्यांचा."

"न्हाई न्हाई," आप्पा म्हणाले, "त्ये पयल्यांदा आल्यात तुमच्याकडं. त्येंचंच भरा."

बराच वेळ हेच चाललं. शेवटी आप्पा उठले. "पोरगं म्हनतंय, घरीच लॅपटॉप घेतो. त्येला येतंय समदं. त्येच भरंल माजं." मग दारात थांबून म्हणाले, "पर मी येत जाईन."

आले, काही दिवस. पण ज्या टेंडरात आपण नाही ते उघडताना बघायला कोण किती दिवस येणार? आधी काकवीच्या दिवसांत एखादी फेरी व्हायची, मग तीही बंद झाली. चाचांनी पुढं गुडघ्यांमुळं धंदा आवरता घेतला. बांबू, कनाती, गालिचे सगळं आप्पांच्या मुलानं नेलं, आणि चाचा नगरला लेकीकडं राहायला गेले. जाताना त्यांची सहीची काडी माझ्याकडं ठेवून गेले. मुदत संपलेली आहे, तिचा काही उपयोग नाही, असं मी म्हणाले. म्हणाले, "मग तर ठेवच. कुणी चोरणार नाही."

आता माझं ऑफिस हायवेला आहे. तिघी मुली कामाला आहेत, हुशार आहेत. गिऱ्हाइकं कागद व्हॉट्सॲपवर पाठवतात, दरही तिथंच. कितीतरी जणांची टेंडरं आम्ही वर्षानुवर्षं भरतो आणि त्यांची तोंडं मी पाहिलेली नाहीत. काम जास्त आहे, चुका कमी होतात, मला तक्रार करायला जागा नाही. फक्त दुपारी कधी स्क्रीनवर ते 'प्रक्रिया सुरू आहे' आलं की मला कुणीतरी मागं बोलत असल्यासारखं वाटतं.

मागच्या लग्नसराईत खुटबावला एका लग्नाला गेले होते. मांडवात पुढं आप्पा बसले होते, आता काठी घेऊन. ऐकायलाही कमी यायला लागलंय. मी वाकून ओळख दिली तेव्हा त्यांनी माझा हात धरून बाजूच्या खुर्चीत बसवलं. चाचांची चौकशी केली. मी सांगितलं, फोन होतो कधीकधी, बरे आहेत. मग त्यांनी विचारलं, "आता टेंडर उगडताना कोन येतं का तुमच्याकडं?"

"नाही आप्पा. मोबाइलवर मेसेज येतो ज्याला त्याला."

"आन् काम मिळालं तर च्या कोन पाजतं?"

मी हसले.  तेवढ्यात पंगतीला बोलवायला कुणीतरी आलं. आप्पा काठी टेकत उठले, मी त्यांचा दुसरा हात धरला, आणि आम्ही सावकाश पंगतीकडं चालत गेलो.